रांगेतली तिसरी गाडी

रस्त्यावर पुढे गेलेली मस्टँग, म्हणजे रानघोड्याच्या नावाची ती अमेरिकन गाडी, कोणत्या सालची, ते मी तिच्या पाठीवरून सांगते. मागचे दिवे बघायचे. प्रत्येक बाजूला तीन उभे दिवे असतील तर ती एकतर फार जुनी किंवा बरीच नवी. तेच तीन आडवे झोपलेले असतील तर नव्वदच्या दशकातली. मधली दहा-पंधरा वर्षं अशी गेली की दिव्यांना काही आकारच उरला नाही, नुसती लाल-पिवळी प्लास्टिकची पट्टी. ही विद्या मला कुणी शिकवली नाही, फायलींनी शिकवली. आणि इतकं सगळं ठाऊक असून पन्नाशी उलटेपर्यंत मला स्वतःला एकही गाडी चालवता येत नव्हती. लोका सांगे ब्रह्मज्ञान, स्वतः कोरडे पाषाण.

आम्ही वसईचे. सव्वीस वर्षांपूर्वी लग्न करून दोह्याला आलो. नवरा हॉस्पिटलच्या लॅबमध्ये, मी ऑफिसात. ओल्ड एअरपोर्ट भागात दोन खोल्यांचा फ्लॅट, मुलगी बारावीत. घरात आम्ही दोघं वसईच्या बोलीत भांडतो, मुलगी इंग्रजीत निकाल देते. (इथे आमची बोली मी सगळ्यांना कळेल अशी करून लिहितेय, नाहीतर वाचणारे वैतागतील.)

माझं ऑफिस एका वयस्कर कतरी गृहस्थांचं. बांधकामाच्या सामानाचा धंदा. त्यांना सगळे अरबाब म्हणतात, म्हणजे मालक. लहानपणी वडिलांबरोबर मुंबईला खेपा केल्यामुळे त्यांचं हिंदी माझ्या अरबीपेक्षा कितीतरी बरं. शहराबाहेर उम्म सलाल मोहम्मदला त्यांची बाग आहे, खजुरीची थोडी झाडं, बकऱ्या, आणि मागे एक लांबलचक एसी शेड. त्या शेडमध्ये आठ मस्टँग. टायर, बॅटरी, तेल, पुढची तपासणी, हे सगळं माझ्या फायलीत. दर गुरुवारी दुपारी अरबाब आणि मी शेडमध्ये जायचो, ते गाड्यांवरून हात फिरवायचे आणि मी लिहून घ्यायची.

पहिल्या गुरुवारी मी शेडच्या दारात चपला काढल्या. का, ते मलाही सांगता आलं नसतं. आमच्या घरी वडिलांनी पहिली सेकंडहँड फियाट आणली तेव्हा फादरांनी येऊन आशीर्वाद दिला होता, आणि पुढचा महिनाभर आम्हा भावंडांना चपला बाहेर ठेवूनच आत बसायची परवानगी होती. पायांना ती सवय राहिली. अरबाब माझ्या अनवाण्या पायांकडे बघत राहिले. पुढच्या गुरुवारी त्यांनीही सँडल दारात ठेवले. केरळचा मेकॅनिक बिचारा, त्यालाही बूट काढावे लागले, आणि ते माझ्यामुळे हे त्याने मला वर्षभर ऐकवलं.

आता त्या आठ जणी. मला त्या तशाच वाटतात, एका घरातल्या बाया. सगळ्यांत पुढे सहासष्टची आकाशी. लांब नाक, आखूड पाठ, अंगावर कुठे मांस नाही. नाकावरच्या जाळीवर पळत्या घोड्याचा शिक्का. ती उभी असली तरी निघाल्यासारखी वाटते. शेजारी एकाहत्तरची लाल, तीही त्याच पिढीतली, पण पाच वर्षांत तिने असं काही अंग धरलं आहे की बहिणी म्हणून पटत नाही. सदुसष्टला थोडी रुंद झाली, एकोणसत्तरला चार हेडलाइट लावून मिरवली, आणि एकाहत्तरला नाक इतकं लांब आणि पाठ इतकी सपाट, की आत बसून मागच्या काचेतून बघितलं तर फक्त आभाळ दिसतं. मेकॅनिक म्हणतो, हिला मागे घ्यायची तर देवाचं नाव घ्यायचं. इंजिन मात्र असं, की सुरू केलं की दाराजवळच्या बकऱ्या पळतात.

आणि मग तिसरी. चौऱ्याहत्तरची.

मोहरीच्या रंगाची, वर तपकिरी रेक्झिनचं छप्पर. एकाहत्तरच्या शेजारी उभी केली की लोक विचारतात, ही कुणाची? लांबी कमी, रुंदी कमी, आणि त्या वर्षी आठ सिलिंडरचं इंजिन मिळतच नव्हतं. नाव रानघोड्याचं आणि अंगात जीव नाही. नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा. जगातले मस्टँगवाले तिला नावं ठेवतात. अरबाबना मात्र तिचं कौतुक वेगळ्याच कारणासाठी. "हमने तेल बंद किया," ते छातीवर हात ठेवून सांगायचे, "तो अमरिका का घोडा छोटा हो गया." त्र्याहत्तर साली आखाती देशांनी तेल रोखलं, ती गोष्ट. खरं तर गाडीचा आराखडा त्याच्या आधीच तयार झाला होता, फायलीत तसं स्पष्ट आहे, आणि तेल महागल्यामुळे उलट ती धडाधड खपली. मी एकदा ते दाखवलंही. अरबाबनी चष्मा काढून ठेवला, म्हणजे वाचायचा प्रश्नच मिटला.

मला ती आवडायची कारण मीही चौऱ्याहत्तरचीच. आमच्या वर्षीची पोरं अंगाने किरकोळच, असं माझी आई म्हणायची.

पुढे शहाऐंशीची, काळी, फुटपट्टीने आखलेली. चार चौकोनी दिवे, आणि जाळीवरचा घोडा गायब, त्या जागी कंपनीचा शिक्का. माझ्या मते या घरात सगळ्यांत उदास काळ तो, पण मेकॅनिकचं तिच्यावर प्रेम, कारण इंजिन परत ताकदीचं आणि दुरुस्तीला सोपी. पंचाण्णवला घोडा परत आला, अंग गोल झालं, आणि दिवे आडवे झोपले. दोन हजार सहाची आली ती थेट आजीचा चेहरा घेऊन. तीच नाकाची ठेवण, तेच तीन उभे दिवे, फक्त सगळं दीडपट. सोळाची दिसायला आणखी अंगासरशी, पण खरी गोष्ट तिच्या पोटाखाली आहे. तोपर्यंत मागची दोन्ही चाकं एकाच दांड्याला जखडलेली असायची, एक खड्ड्यात गेलं की दुसरंही नाचायचं. सोळात दोन्ही चाकं सुटी झाली. आणि शेवटची चोवीसची, जिच्यात काटे नाहीत, डायल नाही, या टोकापासून त्या टोकापर्यंत नुसता टीव्ही. तिच्यात एक सोय अशी आहे की पडद्यावर जुन्या गाडीचे काटे दाखवता येतात. इतकी नवी होऊन शेवटी आजीच्याच कपाटात डोकावायचं होतं तर, असं मी अरबाबना म्हटलं. ते खूप हसले.

तर गेल्या हिवाळ्यात द पर्ल या समुद्राकाठच्या वस्तीत जुन्या गाड्यांचं प्रदर्शन ठरलं. अरबाबच्या दोन्ही मुलांनी ठरवलं की सातच गाड्या न्यायच्या. चौऱ्याहत्तरची नको, लोक हसतात. मला प्रत्येक गाडीसमोर ठेवायची कार्डं तयार करायला सांगितली. मी आठ केली. माझा स्वभाव मुळात भांडखोर, तोंडाने नाही भांडता आलं तर मी टाइप करून भांडते.

अरबाबनी कार्डं मोजली. "आठ क्यों?"

"सर, फॅमिली फोटो में से नापास चाचा को काटते नहीं."

त्यांनी मोहरी गाडीचं कार्ड बराच वेळ हातात धरलं. "मेरा लडका लोग उसमें बैठेगा नहीं. कौन चलाएगा?"

"मैं."

हे माझ्या तोंडून कसं निघालं, देव जाणे. पण निघालं. अरबाबनी माझ्याकडे आणि मेकॅनिकने जमिनीकडे बघितलं. "लायसन किधर है तुम्हारा?"

"आएगा."

"इन्शाल्ला," अरबाब म्हणाले, म्हणजे अल्लाची मर्जी असेल तर. आखातात इतकी वर्षं काढली की कोणता इन्शाल्ला आशेचा आणि कोणता सांत्वनाचा, ते कळतं. हा सांत्वनाचा होता. लायसन आलं तर गाडी रांगेत, नाही तर ती शेडमध्ये राहणार, असं ठरलं. हातात सात आठवडे होते.

इथे मागची गोष्ट सांगायला हवी. तिशीत मी दोनदा टेस्ट दिली होती आणि दोनदा नापास झाले होते. त्याआधी नवऱ्याने दोन दिवस शिकवलं होतं. दुसऱ्या दिवशी तो इतका ओरडला की मी भर रस्त्यात गाडी उभी करून उतरले आणि चालत घरी आले, तीन किलोमीटर, मे महिन्यात. त्यानंतर विषय बंद. ऑफिसची बस, नाहीतर नवऱ्याची गाडी. डॉक्टर, चर्च, शाळा, भाजी, सगळीकडे तो नेणार आणि तो आणणार. त्याने कधी नाही म्हटलं नाही, हे खरं. पण कुठेही जायचं मनात आलं की आधी त्याची ड्यूटी बघायची, मग त्याचा चेहरा बघायचा, मग विचारायचं. पन्नास वर्षांच्या बाईला याची लाज वाटते. मला वाटायची, आणि ती मी कुणाला सांगितली नव्हती.

घरी जाहीर केलं तेव्हा मुलगी म्हणाली, "मम्मा, यू कान्ट रिव्हर्स अ शॉपिंग ट्रॉली." नवऱ्याने भात दुसऱ्यांदा वाढून घेतला.

ड्रायव्हिंग स्कूलची ट्रेनर फिलिपिनो होती, माझ्या मुलीपेक्षा पाच-सहा वर्षांनी मोठी असेल. ती ओरडत नसे, गाणं गुणगुणे. मी चूक केली की गाणं थांबे, बस. त्याशिवाय गुरुवारी अरबाबच्या बागेच्या आवारात, खजुरीच्या दोन रांगांमध्ये, त्याच मोहरी गाडीत सराव. गाडी ऑटोमॅटिक, हे नशीब, पण स्टिअरिंग असं जड की पहिल्या आठवड्यात दंड भरून आले. अरबाब खुर्ची टाकून चहा पीत बसायचे आणि एखादं झाड वाचलं की "माशाल्ला", म्हणजे वाहवा, म्हणायचे. पाचव्या आठवड्यापर्यंत सगळी झाडं वाचायला लागली. पुढे जायचं, मागे घ्यायचं, दोन पिंपांमध्ये उभी करायची, सगळं जमायला लागलं, आणि मला रात्री झोपेत हसू यायला लागलं, असं नवरा सांगतो.

मग टेस्ट. सकाळी आठ वाजता आम्ही दहा-बारा बायका रांगेत. माझं नाव पुकारलं. मी गेले, गाडीत बसले, पट्टा लावला, आरसे बघितले. पार्किंग एका फटक्यात. चढ नीट. चौकोनात वळण नीट. इतकी शांत मी आयुष्यात कधी नव्हते. परत आले तर परीक्षा घेणारी पोलीसबाई माझ्याकडे न बघता मैदानाच्या टोकाकडे बघत होती. तिथे, जिथून मी निघाले होते, बरोबर त्या जागी माझ्या चपला एकमेकींना चिकटून उभ्या होत्या. मागची मुलगी गाडी घेऊन त्यांच्यासमोर थांबली होती. तिला बहुधा वाटलं, हाही परीक्षेचाच भाग.

"युवर शूज?"

मी खाली बघितलं. अनवाणी पाय ब्रेकवर. सहा आठवडे मस्टँगमध्ये अनवाणी बसून बसून मला चपला काढल्याचं कळलंसुद्धा नव्हतं.

"ड्रायव्हिंग गुड," पोलीसबाई म्हणाली. तिला हसू आवरत नव्हतं, पण नियम तो नियम. "नो शूज, नो पास. कम अगेन."

बाहेर नवरा उभा होता, रजा काढून आला होता. मी काय झालं ते सांगितलं आणि वाट बघितली, आता हा बोलणार. तो गाडीच्या बॉनेटवर डोकं टेकवून हसायला लागला. आधी मला राग आला, मग मीही हसले, आणि मग दोघंही डोळे पुसत त्या पार्किंगमध्ये उभे राहिलो. वीस वर्षांत आम्ही गाडीच्या विषयावर पहिल्यांदाच हसलो असू.

प्रदर्शनाला सहा दिवस राहिले होते. दुसरी तारीख मिळाली ती चार दिवस आधीची. या वेळी मी शाळेतल्या पोरीसारखे लेसचे बूट घालून गेले आणि लेसला दुहेरी गाठ मारली. पास. तीच पोलीसबाई होती. तिने आधी माझे पाय बघितले, मग कागदावर सही केली.

अरबाबना फोन केला तर ते म्हणाले, "खलास," म्हणजे ठरलं, "आठ गाडी जाएगा." घरी मुलीने मिठी मारली. नवऱ्याने मात्र त्या संध्याकाळी कुणी न सांगता गाडी धुतली, आतून पुसली, आणि मग पुन्हा एकदा पुसली. मी विचारलं तर म्हणाला, "आता तुला काय, माझी गरज नाही लागणार." गंमत करतो तसंच म्हणाला. पण मी त्याला ओळखते. मी म्हटलं, "डबे कोण उघडून देणार?" तेवढ्यावर तो बरा झाला, पण पुरता नाही.

शनिवारी सकाळी उम्म सलालहून निघालो. अरबाबचा नियम आदल्या दिवशीच सगळ्यांना सांगून झाला होता. सालाच्या क्रमाने जायचं, कुणी कुणाला मागे टाकायचं नाही, कुणी हॉर्न मारायचा नाही. पुढे सहासष्टमध्ये ते स्वतः, मग एकाहत्तरमध्ये मेकॅनिक, मग मी, शेजारी नवरा. माझ्यामागे पाच गाड्या, अरबाबची दोन मुलं आणि त्यांचे तीन मित्र.

आता हिशोब असा, की मागच्या पाच गाड्यांत मिळून इतके घोडे होते की एक छोटी फौज उभी राहिली असती, आणि त्या सगळ्यांना माझ्या मागून यायचं होतं. मी साठवर होते. हायवेच्या उजव्या लेनमध्ये (इथे ड्रायव्हर डावीकडे बसतो आणि हळू जाणाऱ्यांची लेन उजवी), दोन्ही हात स्टिअरिंगवर, ताशी साठ. एकसष्ट नाही. आरशात शहाऐंशीचे चार चौकोनी दिवे, त्यामागे बाकीच्यांच्या नाकांची रांग, आणि सगळ्यांची गुरगुर अशी, की बांधून ठेवलेली कुत्री. चौकात मी थांबले. डावीकडून एक टेम्पो येत होता, तो बराच लांब होता, तरी मी थांबले. तो गेला. आणखी एक पिकअप दिसला, त्यालाही जाऊ दिलं. मागे चोवीस सालची, एका दमात दोनशेच्या वर जाणारी, माझ्या पिकअपची वाट बघत उभी.

नवऱ्याचा उजवा पाय सारखा खाली दाबला जात होता. त्याच्यासमोर ब्रेक नाही, हे त्याच्या पायाला पटत नव्हतं. पण या वेळी तो ओरडला नाही. पुढे अरबाबही हळू झाले, मला अंतर पडू नये म्हणून. ते आरशात माझ्याकडे बघताहेत हे मला दिसत होतं. मी इतकी खूश होते की मला कुणाला तरी शिवी द्यावीशी वाटत होती.

पर्लला गाड्या ओळीने पाण्याच्या कडेला लागल्या. मुलांचं म्हणणं खोटं नव्हतं. लोक सहासष्टकडे धावले, चोवीससमोर फोटो काढले, आणि माझ्या तिसरीपाशी आले की थोडं हसले. हसू देत. माझं कार्ड तिथे होतं: या वर्षी तेल महाग झालं, ही छोटी होती म्हणून खपली, आणि ही खपली म्हणून पुढच्या सगळ्या होऊ शकल्या. काळ्या झग्यासारख्या अबायातली एक बाई कार्ड पूर्ण वाचून माझ्याकडे आली. "इज इट युवर्स?" मी म्हटलं, "टुडे, येस." तिने फोटो काढायला मागितला, गाडीचा नाही, माझा.

दुपारी परत उम्म सलालला गाडी शेडमध्ये लावली. अरबाबनी तिचं छप्पर थोपटलं आणि मला "शुक्रन" म्हणाले, म्हणजे आभार. मी म्हटलं, शुक्रन तर मी म्हणायचं. आमची स्वतःची गाडी तिथेच उभी होती. मी हात पुढे केला. नवऱ्याने एक क्षण विचार केला आणि किल्ली दिली.

शहरात शिरलो. ओल्ड एअरपोर्टला घराकडे वळायचं ते वळण आलं आणि मी सरळ गेले.

"टर्न गेला," तो म्हणाला.

"ठाऊक आहे."

"मग कुठे चाललोय?"

"बस ना तू. मी नेतेय."

कुठे ते मलाही ठाऊक नव्हतं. समुद्राच्या कडेने जाणारा कॉर्निशचा रस्ता लागला तो घेतला. तिथे या बाजूने गेलं की पाणी उजव्या हाताला, अगदी शेजारी बसलेल्याच्या खिडकीला लागून. शनिवारची दुपार, ऊन मऊ, रस्त्याला गर्दी नव्हती. मी साठवर होते. त्याने घसा साफ केला, आणि मला वाटलं, आता शिकवायला सुरुवात होईल.

"समुद्राला इतके रंग असतात इथे?" तो म्हणाला. "सव्वीस वर्षं रोज जातोय या रस्त्याने."

मी बघितलं नाही. माझी नजर रस्त्यावर होती. "सांग," मी म्हटलं, "कोणकोणते आहेत?" आणि तो खिडकीकडे वळून एकेक सांगायला लागला.